कोऱ्या डोळ्यांची रांग

निरापद पाल त्या रात्री घरातून निघाला तो डोळे आखायला. काम तसं किरकोळच. बारीक कुंचला, काजळीचा रंग, पांढऱ्या रंगाची वाटी आणि एक ओलं फडकं. दुर्गेचे डोळे आखण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला मातीच्या सात माणसांचे डोळे म्हणजे डाव्या हातचा मळ. बायकोला म्हणाला, तासाभरात येतो, भात झाकून ठेव.

रात्र कुठली ते नीट सांगायला हवं, कारण बाजारात लोक त्यात घोळ घालतात. गेल्या सालचा डिसेंबर. बुधवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. नदीवर धुकं एवढं दाटलं होतं की बारिशालला जाणारी लाँच संध्याकाळीच धक्क्याला बांधून ठेवली होती. लाँच हाकणारा सारंग म्हणाला, मला माझं नाक दिसेना, वळण कुठून दिसणार. उतारूंनी चिडून मुरमुरे खाल्ले आणि तिथेच डेकवर पथाऱ्या टाकल्या.

निरापदला तुमच्यातल्या काहींनी पाहिलंय. उंच, पाठीत थोडा वाकलेला, नखांत कायम माती. बोलायला गोड, पण कामाला कुणी नाव ठेवलं की दोन दिवस जेवायचा नाही. आपल्या नलखोल्यात दुर्गा, सरस्वती, नागदेवी मनसा, सगळ्या त्याच्या हातच्या. मुसलमानांची पोरंसुद्धा त्याच्या अंगणात बसून मूर्ती बघायची आणि तो त्यांना मातीचे बैल करून द्यायचा.

तर धक्क्यामागची ती जुनी मीठकोठी. तिचं संग्रहालय झालं आणि लुबना आपांनी तिथे प्रदर्शन मांडलं. लुबना आपा ढाक्याच्या, पण आजोळ इथलंच. प्रदर्शन कशाचं? हरमादांचं. आता हरमाद कोण ते तुम्हाला कशाला सांगायचं. अजून आपल्याकडे पोर झोपेना की आई दटावते, गप, हरमाद काठाला नाव बांधतोय बघ. फिरंगी चाचे. चारशे वर्षांमागे भरतीबरोबर खाडीत शिरायचे आणि वस्तीच्या वस्ती उचलून न्यायचे. तळहाताला भोक पाडून त्यातून वेताची काडी ओवायची, सुकवायला मासे ओवतात ना, तशी. मग सगळी माळ नावेच्या पोटात एकावर एक रचून द्यायची. सकाळी वरून मूठभर कच्चे तांदूळ फेकायचे, कोंबड्यांना टाकतात तसे. वाटेत जगले वाचले ते विकायचे. कुणी आराकानात, कुणी पार दख्खनच्या बंदरांत. परत कुणी आलं नाही.

कोठीत भिंतीवर नकाशे होते, काचेत गंजलेल्या बेड्या होत्या, चरावर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटावर, सापडलेला नावेचा एक नांगर होता. पण येणारा जाणारा थबकायचा तो निरापदच्या मूर्तींपुढे. सात माणसं, ओळीनं उभी, हात पुढे केलेले, आणि सगळ्यांच्या तळहातांतून आरपार गेलेला एकच लांब वेत. पेंढा, कामट्या आणि नदीची माती. पण बघणारे नकळत आपले तळहात झाकायचे.

त्याचं कारण चेहरे. निरापदला बिनओळखीचा चेहरा करता येत नसे. रांगेतला पहिला म्हातारा म्हणजे धक्क्यावरचा चहावाला सोनाई. त्याच्यापुढचा, वादळात बुडालेला गोपाल नावाडी. मधली बाई म्हणजे निरापदची मेलेली आई, हनुवटीवरच्या तिळासकट. आणि अगदी शेवटची, भिंतीलगतची, सगळ्यांत लहान… ती त्याची टुनु. नऊ वर्षांची पोर. तिला काही त्यानं समोर बसवली नव्हती. बापाच्या हाताला पोरीचा चेहरा पाठच असतो, बोटं आपोआप तिथे गेली.

डोळे मात्र सातही जणांचे कोरे. तसं लुबना आपांनीच सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत, ती कुठे मेली ते माहीत नाही, तेव्हा डोळे रिकामेच राहू देत, बघणाऱ्याला ती रिकामी जागा बोचली पाहिजे. निरापदनं मान डोलावली. पण मनाला पटलं नाही. आणि वर बाजार. आदल्या दिवशी लोक डोकावून गेले, तर न्हाव्यानं विचारलं, पालदा, चाळिशी लागली वाटतं, डोळ्यांपर्यंत पोचलाच नाहीत. दुसरा म्हणाला, हरमादांनी आंधळेच शोधून शोधून नेले होय? सगळे हसले. निरापदही हसला. पण घरी आल्यावर ताट बाजूला सारलं.

गुरुवारी सकाळी उद्घाटन होतं, जिल्ह्याचे साहेब येणार होते. निरापदनं ठरवलं, आज रात्री गुपचूप डोळे आखून टाकायचे. उद्या आपा बघतील आणि चकित होतील. कुणाला काय विचारायचं? मूर्ती माझी.

निघताना शेफाली, म्हणजे त्याची बायको, दारात आली. तिला हे कळलं होतं. ती म्हणाली, "अहो टुनुचे बाबा, एक विचारू? देवीला डोळे देता तेव्हा देवी येते. यांना डोळे दिले तर कोण येणार?"

"पेंढा आहे गं आत," निरापद म्हणाला. "भुकेलं वासरू येईल फार तर."

टुनु झोपली होती. त्यानं तिच्या पायावर गोधडी ओढली आणि तो निघाला.

कोठीवर रज्जबभाई राखणीला असायचा. त्याला त्या दिवशी कणकण होती. त्यानं किल्ली दिली, म्हणाला, पालदा, काम झालं की कडी लावून घ्या, मी खोपटात पडतोय, काही लागलं तर हाक मारा. आणि कांबळं डोक्यावरून घेऊन पडला.

निरापद आत गेला. दिवा लावला. पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल तर मागचं दार बघितलं, कारण तिकडून वारा आला तर रंग लवकर सुकतो. दार बंद होतं, आडवा लाकडी अडसर घातलेला. त्या दाराचा वापर कुणी करत नाही. पूर्वी त्याच्या पायऱ्यांना खाडी लागायची, मिठाच्या नावा थेट दाराशी यायच्या. ती खाडी निरापदच्या आजोबांच्या वेळीच गाळानं भरली. आता तिथे भातशेत. पीक कापून नेलेलं, नुसते खुंट.

त्यानं सोनाईपासून सुरुवात केली. आधी पांढरं, मग कड, मग बुबुळ. बुबुळ मधोमध. समोर बघणारं. हात असा चालला की त्याचं त्यालाच बरं वाटलं. गोपाल नावाडी झाला. तिसरा झाला. आईचे डोळे आखताना तो जरा थांबला, मनात म्हणाला, मा, रागावू नकोस. मग तेही झाले.

पाचव्याला हात लावला आणि वीज गेली.

वीज काय, आपल्याकडे रोजच जाते. त्यानं मोबाइलचा दिवा लावला, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि पुन्हा कुंचला उचलला. पाचवा झाला. सहावा झाला. फक्त टुनुची राहिली. तिच्यासमोर तो उकिडवा बसला, कारण ती बुटकी. डावा डोळा आखला. सुंदर उतरला. अगदी तिचाच, थोडा झोपाळू. उजव्यासाठी कुंचला बुडवायला तो वळला, आणि सहज रांगेवर नजर गेली.

सोनाई समोर बघत नव्हता.

मागच्या दाराकडे बघत होता.

निरापदला वाटलं, उजेड तिरका पडतोय. तो उठला, मोबाइल हातात घेऊन जवळ गेला. बुबुळं कोपऱ्यात सरकलेली. रंग अजून ओला. त्यानं स्वतःशीच म्हटलं, घाईत चुकलं असेल. पण चुकायचा कसा? त्यानं गोपालकडे उजेड धरला. तोही दाराकडे. तिसराही… त्याची आईही…

सहाही जण दाराकडे बघत होते. मान न वळवता. फक्त डोळे.

बसा रे. कुणी उठू नका आता मधेच.

तेव्हा त्याला आवाज आला. लांबून. छप्… मग थोडी शांतता. छप्… वल्ह्याचा आवाज. निरापद नदीकाठी जन्मलेला माणूस, त्याला वल्हं कळणार नाही? एक नाही, बरीच वल्ही, सगळी एका तालात पाण्यात पडणारी. त्याला आधी वाटलं, लाँच सुटली असेल, कुणी होडी घेऊन आलं असेल. पण नदी समोरच्या अंगाला. हा आवाज मागून येत होता.

भाताच्या खुंटांतून.

वास आला. भिजलेला दोर, कुजलेलं लाकूड, आणि माणसांचा… खूप माणसं, खूप दिवस, एका जागी कोंडून ठेवली तर येतो तसा. निरापदनं रज्जबभाईला हाक मारायला तोंड उघडलं.

आणि शेफालीचं बोलणं त्याला आठवलं. यांना डोळे दिले तर कोण येणार.

कोरे होते तोवर ती माती होती. मातीला कोण नेतो? डोळे त्यानंच दिले होते. रांग त्यानंच मांडून ठेवली होती, हात पुढे करून, वेत ओवून. नुसती उचलून न्यायची बाकी.

त्यानं फडकं उचललं. सोनाईचे डोळे पुसले, खसाखसा, रंग मातीत कालवला. गोपालचे पुसले. छप्… छप्… जवळ. तिसऱ्याचे पुसले. आईपाशी आला. तिची बुबुळं आता त्याच्याकडे वळली होती. ती दाराकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोळे मिटले, आणि न बघता पुसले. पाचवा. सहावा.

दाराला काहीतरी लागलं. ठक्.

नाव काठाला लागते ना… तसं.

मोबाइल विझला. अंधारात त्यानं अडसर सरकल्याचं ऐकलं. हळू. घाई नसलेल्या माणसासारखं. टुनु अजून दोन हात लांब होती. एक डोळा आखलेली. फडकं हातातून कुठे पडलं कळलं नाही. तो भिंतीशी सरकला, तिच्या शेजारी रांगेत उभा राहिला, आणि आपला तळहात तिच्या डाव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरला.

स्वतःचे डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. गार वारा आत आला. ओली पावलं. जड. पावलांबरोबर काठी. ती पावलं पहिल्या मूर्तीपुढे थांबली. एक श्वास. पुढे. दुसरीपुढे थांबली. एक श्वास. पुढे. कुणीतरी मोजत नव्हतं… निवडत होतं. बैलबाजारात फिरतात तसं.

कोऱ्यांना सोडून पावलं पुढे येत होती.

टुनुपुढे थांबली.

तळहाताखाली… पापणी हलली.

मातीची पापणी. चिमणी मुठीत धरली की फडफडते, तशी. उघडायला बघत होती. निरापदनं आणखी दाबलं. मनात म्हणत राहिला, निज माय, निज, निज…

पावलं हलली. एकच पाऊल. आता त्याच्यापुढे. काठीचं ओलं टोक त्याच्या छातीला लागलं. वर सरकलं. गळ्यापाशी. हनुवटीखाली. त्याची मान कुणीतरी वर उचलली, दात बघायला उचलतात तशी. तोंडावर श्वास आला. खारा. निरापदनं डोळे मिटूनच ठेवले. श्वास रोखला. माती झाला.

किती वेळ गेला…

मग मागच्या दाराबाहेरून, लांबून, झोपेतला एक आवाज आला.

"बाबा…"

टुनुचा.

"बाबा, मी आले. कुठायत तुम्ही?"

आता तुम्ही सांगा. बापानं काय करावं? डोळे उघडले तर निरापद त्यांना दिसणार. हात काढला तर मातीची टुनु दिसणार. आणि खरंच पोर त्या धुक्यात, त्या शेतात उभी असेल तर… निरापदच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण डोळे त्यानं उघडले नाहीत. हात काढला नाही. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून तो ओरडला,

"टुनु, मागे फिर! आईचा हात धर!"

काठी हनुवटीखालून निघाली.

मग काही नाही. पावलं नाहीत, शब्द नाही. बऱ्याच वेळानं वल्हं पडलं. छप्… पुन्हा. लांब जात गेलं. निरापद तसाच उभा राहिला. पहाटेची अजान झाली तरी त्याचा हात त्या डोळ्यावर होता.

रज्जबभाईनं त्याला तसा पाहिला. आधी त्यालाही मूर्तीच वाटली, म्हणे, आठवी. मग ती मूर्ती थरथरत होती म्हणून त्यानं हात लावला. दाराला अडसर जसाच्या तसा. जमीन कोरडी. बाहेर शेतात भाताचे खुंट, त्यावर दव. रज्जब म्हणाला, पालदा, माझा ताप तुम्हाला लागला.

निरापद घराकडे पळत सुटला. शेफाली उंबऱ्यातच बसली होती, अर्धी रात्र जागी. टुनु तिच्या मांडीवर झोपलेली. काय झालं ते तिनं हळू आवाजात सांगितलं. रात्री दार वाजलं म्हणून ती जागी झाली, तर पोर अंथरुणात नाही. बाहेर जाऊन बघते तर अंगणाच्या पार टोकाला, अनवाणी, झोपेतच चाललेली. बाबा बोलावतायत, म्हणत होती. शेफाली धावली, हाका मारल्या, पण पाय उचलत नव्हते, चिखलात रुतल्यासारखे. आणि मग टुनु आपणहून थांबली. वळली. मुकाट्यानं आली आणि तिनं आईचा हात धरला. तो अजून सोडला नव्हता.

निरापद खाली बसला. त्यानं दोघींनाही पोटाशी धरलं.

उद्घाटन ठरल्या वेळी झालं. साहेब आले, फीत कापली, शाळेची पोरं ओळीनं आत गेली. लुबना आपा मूर्तींपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. डोळ्यांच्या जागी राखाडी फरांटे उठले होते, कुणी घाईनं हात फिरवावा तसे. त्या निरापदपाशी आल्या आणि म्हणाल्या, "निरापददा, हे तुम्ही कधी केलंत? मला जे सांगता येत नव्हतं, तेच हे आहे." त्यानं फक्त हात जोडले.

लोक पांगल्यावर तो टुनुच्या मूर्तीजवळ गेला. तिच्या डाव्या डोळ्यावर फरांटा नव्हता. तिथे माती स्वच्छ होती, कोरी, कुंचला कधी लागलाच नव्हता अशी. मग रंग हाताला लागला असेल म्हणून त्यानं आपला तळहात उजेडात धरला. ओली काजळी, महिनाभर निघत नाही ती. तळहातावर काळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. दुसरा हात बघितला. सदरा बघितला. कुठेच नाही.

म्हणजे तो रंग गेला कुठे?

त्या रात्री कळलं. टुनु लवकर झोपली. शांत श्वास, तोंड अर्धं उघडं, नेहमीसारखी. शेफालीनं कंदील मोठा केला आणि निरापदला हलवून उठवलं. आणि बोट दाखवलं.

टुनुचा उजवा डोळा मिटलेला होता. डावा उघडा.

बारिशालच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काही लेकरं झोपतात अशी, वय वाढलं की जातं. असेलही. दिवसा पोर हसते, खेळते, शाळेत जाते, तिला काहीच ठाऊक नाही. निरापदनं मूर्तीचं काम सोडलं, आता तो वीटभट्टीवर जातो. शेफालीनं पोरीची अंथरुणाची जागा बदलून पाहिली, उशी या टोकाची त्या टोकाला करून पाहिली, भिंतीकडे तोंड करून निजवून पाहिलं.

पोर गाढ झोपते. आणि तो डोळा हळूहळू फिरतो… फिरतो… आणि दाराशी येऊन थांबतो.